चूल, गोठा आणि माग : हेब्रिडीज बेटांवरील दैनंदिन ख्रिस्ती चिंतनपरंपरा आणि ‘केल्टिक अध्यात्म’ ही आधुनिक संकल्पना

सारांश

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत गेलिक भाषक कुळांच्या घरांत चूल पेटविणे, धार काढणे, पेरणी, विणकाम, प्रवास, निद्रा अशा प्रत्येक कृतीला जोडलेली प्रार्थना प्रचलित होती. अलेक्झांडर कारमायकल यांनी या प्रार्थना संकलित करून १९०० साली ‘कार्मिना गॅडेलिका’ या नावाने दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. आज ‘केल्टिक अध्यात्म’ या नावाने जे साहित्य वाचले जाते, त्याचा फार मोठा भाग या एका संग्रहावर उभा आहे. या प्रार्थनांचे मोल त्यांच्या कथित ‘केल्टिक’ प्राचीनतेत नसून, धर्मगुरू दुर्मीळ असलेल्या आणि जमिनीवरील हक्क असुरक्षित असलेल्या समाजाने चिंतनाची जबाबदारी घरात व श्रमात उचलली, या ऐतिहासिक घटनेत आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत शोधनिबंधात केले आहे.

बीजसंज्ञा : हेब्रिडीज, कारमायकल, चिंतनात्मक प्रार्थना, केली दे, क्रॉफ्टर, आयोना, मौखिक परंपरा.

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात चिंतन किंवा ध्यान म्हटले की सामान्यतः मठ, एकांतवास, मौन आणि व्रतस्थ संन्यासी यांचे चित्र डोळ्यांपुढे येते. इजिप्तच्या वाळवंटातील तपस्वी, बेनेडिक्टाइन मठ, कार्मेलाइट संत या मालिकेतूनच या विषयाची मांडणी बहुतेक ग्रंथांतून केली जाते. त्यामुळे ज्यांना मठात जाणे शक्य नव्हते, ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि ज्यांचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत श्रमात जात होता, त्या सामान्य स्त्री-पुरुषांच्या चिंतनजीवनाचा इतिहास दुर्लक्षित राहिला. असा इतिहास लिहिण्यासाठी लागणारी साधनेही फारशी उपलब्ध नसतात. हेब्रिडीज बेटे या दृष्टीने एक महत्त्वाचा अपवाद ठरतात.

मात्र हा अपवाद अभ्यासताना एक अडचण येते. १९८० नंतरच्या काळात इंग्रजी वाचकवर्गात ‘केल्टिक अध्यात्म’ ही संकल्पना अत्यंत लोकप्रिय झाली. निसर्गावर प्रेम करणारा, स्त्रियांना मान देणारा, रोमच्या अधिकारापासून मुक्त आणि सौम्य वृत्तीचा असा एक ‘केल्टिक ख्रिस्ती धर्म’ पूर्वी अस्तित्वात होता, अशी धारणा त्यातून रूढ झाली. व्यावसायिक इतिहासकारांनी या धारणेवर कठोर टीका केली. परंतु टीकेच्या ओघात त्या प्रार्थना म्हणणारी खरीखुरी माणसे पुन्हा बाजूला पडली. म्हणून या दोन्ही टोकांच्या भूमिका बाजूला ठेवून त्या माणसांच्या स्थितीकडे पाहणे आवश्यक ठरते.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) हेब्रिडीज बेटांवरील दैनंदिन प्रार्थनेचे स्वरूप समजून घेणे. २) ती घरात व श्रमात का रुजली याची ऐतिहासिक कारणे शोधणे. ३) कारमायकल यांच्या संग्रहाच्या विश्वसनीयतेविषयीच्या वादाचा परामर्श घेणे. ४) विसाव्या शतकातील पुनरुज्जीवनाचे मूल्यमापन करणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, प्रत्यक्ष प्रार्थनांच्या शब्दांपेक्षा त्या ज्या कृतींशी निगडित होत्या त्या कृतींवर भर दिला आहे.

मठातील चिंतनपरंपरा : पूर्वपीठिका

आयर्लंडमधील राजघराण्यात जन्मलेले संत कोलंबा (५२१–५९७) यांनी ५६३ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आयोना या लहानशा बेटावर मठ स्थापन केला. तेथून स्कॉटलंडच्या पश्चिम व उत्तर भागात आणि पुढे लिंडिसफार्नमार्गे उत्तर इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म पसरला. आयोनाचे नववे मठाधिपती अदोम्नान यांनी इ. स. ७०० च्या सुमारास लिहिलेले कोलंबाचरित्र या मठजीवनाचे प्रमुख साधन आहे. त्यात प्रार्थना, ग्रंथांच्या नकला करणे, शेती, नौकानयन आणि अतिथिसेवा ही सर्व कामे एकाच दिनक्रमाचा भाग असल्याचे दिसते.

या मठपरंपरेवर जॉन कॅसियन (सु. ३६०–४३५) यांच्या लेखनाचा प्रभाव होता. इजिप्तमधील तपस्व्यांची शिकवण पश्चिम युरोपात पोहोचविणाऱ्या कॅसियन यांनी स्तोत्रसंहितेतील एकच छोटे वचन प्रत्येक कामात, प्रत्येक स्थळी, झोपताना व उठताना मनात घोळवीत राहण्याचा उपदेश केला होता. अखंड प्रार्थना म्हणजे सर्व कामे सोडून केलेली प्रार्थना नव्हे, तर कामात न तुटणारे स्मरण, असा या उपदेशाचा आशय होता. पुढील काळातील घरगुती प्रार्थनेचा विचार करताना हा मुद्दा लक्षात ठेवावा लागतो.

आठव्या शतकात आयर्लंडमध्ये ‘केली दे’, म्हणजे ‘देवाचे सेवक’, या नावाची सुधारणावादी चळवळ उदयास आली. माएल रुआन (मृत्यू ७९२) यांनी ७७४ मध्ये स्थापन केलेला टॅला येथील मठ हे तिचे प्रमुख केंद्र होते. दररोज स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांचे पठण, हात क्रुसाप्रमाणे पसरून दीर्घकाळ उभे राहणे, कडक उपवास आणि रविवारच्या विश्रांतीचे काटेकोर पालन ही या चळवळीची लक्षणे होत. प्रत्येक साधकाला ‘अनमखारा’ म्हणजे ‘आत्मिक मित्र’ असावा, ज्याच्यापुढे मन मोकळे करता येईल, ही प्रथाही या परंपरेत दृढ होती. आधुनिक लोकप्रिय ग्रंथांत रंगविल्या जाणाऱ्या सौम्य, निसर्गरम्य अध्यात्मापेक्षा हे चित्र बरेच कठोर आहे. तसेच हे मठ रोमपासून विभक्त असे स्वतंत्र ‘केल्टिक चर्च’ नव्हते. ईस्टरची तिथी व संन्याशांच्या मुंडनाची पद्धत यांसारख्या प्रश्नांवर मतभेद होते आणि ६६४ मधील व्हिटबी येथील सभेत त्यांची चर्चा झाली. परंतु या मतभेदांवरून एका वेगळ्या धर्मपंथाचे अस्तित्व सिद्ध होत नाही. इतिहासकार कॅथलीन ह्यूज यांनी १९८१ मध्ये आणि वेंडी डेव्हिस यांनी १९९२ मध्ये हा मुद्दा स्पष्टपणे मांडला.

मठाकडून घराकडे : धर्मगुरूंच्या अभावाचा परिणाम

आयोनावर ७९५ पासून व्हायकिंग आक्रमणे सुरू झाली आणि ८०६ मध्ये तेथील ६८ जण मारले गेले. तरीही मध्ययुगात हेब्रिडीज बेटांवर धर्मजीवन टिकून राहिले. खरा खंड पडला तो १५६० मधील स्कॉटलंडच्या धर्मसुधारणेनंतर. जुनी रोमन कॅथलिक व्यवस्था मोडली, मात्र तिच्या जागी नवी प्रोटेस्टंट व्यवस्था दूरच्या बेटांपर्यंत लगेच पोहोचली नाही. सतराव्या शतकात हेब्रिडीजच्या कित्येक भागांत नियमित उपासना चालविणारा कोणीही धर्मगुरू नव्हता. १६१९ पासून आयर्लंडमधील फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी या बेटांवर मिशनकार्य सुरू केले. १६५१ मध्ये व्हिन्सेंट द पॉल यांनी पाठविलेले डरमट डुगन हे धर्मगुरू आले. दक्षिण युइस्ट, बॅरा व आसपासच्या बेटांवर काम करीत असतानाच १६५७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. एकेका धर्मगुरूकडे अनेक बेटे आणि मध्ये खवळलेला समुद्र, अशी स्थिती होती.

या परिस्थितीत धर्म टिकला तो घरात. याचा स्पष्ट पुरावा जन्म आणि मृत्यू या दोन प्रसंगांच्या विधींत सापडतो. कारमायकल यांच्या नोंदींनुसार, मूल जन्मताच सुईण त्याच्या कपाळावर त्रैक्याच्या नावाने पाण्याचे तीन थेंब सोडीत असे. धर्मगुरूकडून होणारा रीतसर बाप्तिस्मा नंतरचा. धर्मगुरू येईपर्यंत मूल जगेल याची शाश्वती नसलेल्या समाजात हा विधी सुईणीच्या हाती येणे स्वाभाविक होते. मरणासन्न व्यक्तीपाशी आत्म्याला निरोप देणारी प्रार्थना गायिली जाई. ती गाणारी व्यक्ती धर्मगुरूच असली पाहिजे असे नव्हते. तो पुरुष असो वा स्त्री, त्याला ‘अनमखारा’ हेच नाव होते आणि मृताचे आप्त त्या व्यक्तीविषयी पुढे आयुष्यभर विशेष जिव्हाळा बाळगीत. मठातील एक विशिष्ट पद अशा रीतीने शेजारधर्माचा भाग झाले होते. हे परिवर्तन ‘केल्टिक’ मनोवृत्तीमुळे झाले असे म्हणण्यापेक्षा ऐतिहासिक गरजेतून झाले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

संकलक आणि संकलन

अलेक्झांडर कारमायकल (१८३२–१९१२) यांचा जन्म लिझमोर बेटावर झाला. ते अबकारी खात्यात अधिकारी होते. नोकरीच्या निमित्ताने १८६० च्या दशकाच्या मध्यापासून १८८२ पर्यंत त्यांचे वास्तव्य प्रामुख्याने युइस्ट बेटांवर होते. गेलिक ही त्यांची मातृभाषा होती. त्यामुळे शेतकरी, गुराखी, विणकर स्त्रिया, कोळी यांच्या घरी बसून गाणी, कथा, मंत्र आणि प्रार्थना टिपून घेणे त्यांना शक्य झाले. १९०० मध्ये एडिंबरा येथे प्रसिद्ध झालेल्या पहिल्या आवृत्तीच्या केवळ ३०० प्रती छापल्या गेल्या. तिसरा व चौथा खंड त्यांचे नातू जेम्स कारमायकल वॉटसन यांनी १९४० व १९४१ मध्ये, पाचवा खंड अँगस मॅथेसन यांनी १९५४ मध्ये, आणि सूची असलेला सहावा खंड १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला.

संकलनाच्या वेळीच ही परंपरा ओसरू लागली होती. लुईस, हॅरिस आणि उत्तर युइस्ट या प्रोटेस्टंट बेटांवर १८४३ च्या फुटीतून निर्माण झालेल्या फ्री चर्चचा प्रभाव मोठा होता. मुंबईतील विल्सन महाविद्यालयाचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन हेही त्याच फुटीत फ्री चर्चमध्ये सामील झाले होते, हे येथे नमूद करता येईल. या चर्चच्या अनेक उपदेशकांना जुनी गाणी, मंत्र व नृत्य ही अंधश्रद्धा वाटत असे. कारमायकल यांनी आपल्या प्रस्तावनेत वादकांना व्हायोलिनचा त्याग करावा लागल्याच्या आणि गेलिक गाणे म्हटल्याबद्दल शाळेत मुलींना शिक्षा झाल्याच्या हकिकती दिल्या आहेत. १८७२ च्या स्कॉटिश शिक्षण कायद्यात गेलिक भाषेची कोणतीही तरतूद नव्हती. याउलट दक्षिण युइस्ट, एरिस्के, बॅरा या रोमन कॅथलिक बेटांवर परंपरा तुलनेने अधिक टिकून होती. एरिस्केचे धर्मगुरू फादर अ‍ॅलन मॅकडोनल्ड (१८५९–१९०५) यांनी स्वतःही लोकपरंपरेचे विपुल संकलन केले. तथापि आपण कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही समाजांतून साहित्य गोळा केल्याचे कारमायकल सांगतात. ही बाब महत्त्वाची आहे, कारण घरातील प्रार्थना चर्चच्या सीमारेषांपेक्षा अधिक चिवट होती, हे त्यावरून दिसते.

दिवसाचा क्रम आणि प्रार्थना

हेब्रिडीजमधील जुने घर जाड दगडी भिंतींचे व गवताने शाकारलेले असे. मधोमध जमिनीवर चूल, आणि त्याच छपराखाली एका बाजूस गुरांचा गोठा. झाडे विरळ असल्याने दलदलीतून कापून वाळविलेले ‘पीट’ हेच इंधन होते. चूल विझणे ही मोठी अडचण असे. म्हणून रात्री विस्तव राखेखाली जपून ठेवणे आणि सकाळी तो फुलविणे, ही घरधनिणीची रोजची जबाबदारी होती.

रात्रीच्या या कृतीचे कारमायकल यांनी केलेले वर्णन अतिशय तपशीलवार आहे. निखारे चुलीवर वर्तुळात पसरून त्यांचे तीन समान भाग केले जात आणि मध्यभागी लहानसा उंचवटा ठेवला जाई. प्रत्येक दोन भागांमध्ये पीटचा एक तुकडा असा रचला जाई की त्याचे टोक मधल्या उंचवट्याला लागावे. प्रत्येक तुकडा ठेवताना देवाचे एकेक नाव घेतले जाई. नंतर विस्तव दबेल पण विझणार नाही इतकीच राख त्यावर पसरली जाई. त्यानंतर ती स्त्री डोळे मिटून हलक्या आवाजात घराचे, माणसांचे व गुरांचे त्या रात्रीपुरते रक्षण मागत असे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, एरवीही हीच कृती याच काळजीने करावी लागली असती. प्रार्थनेने कामात भर घातली नाही. हाताला जे अवधान आवश्यक होते, तेच अवधान मनालाही दिले गेले. त्रैक्याचा सिद्धांत शब्दांत समजावून सांगणे अवघड आहे. येथे तो रोज रात्री निखाऱ्यांच्या रचनेतून हाताळला जात होता.

सकाळी विस्तव फुलविताना दुसरी प्रार्थना असे. धार काढताना गायिली जाणारी गाणी वेगळी. गाईंना त्या चालींची इतकी सवय होई की गाणे म्हटल्याशिवाय त्या पान्हा सोडीत नसत, असे कारमायकल नोंदवितात. गुरांना रानात सोडताना संत ब्राइड, कोलंबा व मरिया यांच्या नावे त्यांना निरोप दिला जाई. शनिवारी रात्री माग बांधून ठेवला जाई आणि रविवारी तो चालू नये म्हणून त्यावर क्रूस टांगला जाई. प्रवासाला निघताना किंवा संकटाची भीती वाटली असता उजव्या हाताची तर्जनी पुढे करून, सूर्याच्या गतीने स्वतःभोवती वर्तुळ काढीत संरक्षणाची प्रार्थना म्हणण्याची प्रथा होती.

शेतीची कामेही याच सूत्रात ओवलेली होती. बियाणे पेरणीच्या तीन दिवस आधी त्रैक्याच्या नावाने पाणी शिंपडून सिद्ध केले जाई. यामागे श्रद्धा होती, तसेच ओलाव्यामुळे बियाणे लवकर रुजण्यास मदत होई, हा व्यवहारही होता. कापणीच्या पहिल्या दिवशी सारे कुटुंब चांगले कपडे घालून शेतात जाई. कुटुंबप्रमुख टोपी जमिनीवर ठेवून सूर्याकडे तोंड करी, मूठभर कणसे कापून ती डोक्याभोवती सूर्यगतीने तीनदा फिरवी आणि गाणे सुरू करी, आणि इतरांनी त्यास साथ द्यावी. २९ सप्टेंबरच्या संत मायकेलच्या सणासाठी शेतात पिकलेल्या सर्व धान्यांच्या पिठाची एक विशेष भाकरी भाजली जाई.

या प्रथांना ‘चिंतन’ म्हणावे काय, असा आक्षेप घेता येईल. संत योहान ऑफ द क्रॉस यांच्या अर्थाने ही शब्दातीत समाधी नव्हे. यांतील काही प्रार्थना रक्षणमंत्रांच्या जवळ जाणाऱ्या आहेत, हेही खरे. परंतु कॅसियन यांनी सांगितलेली लक्षणे, म्हणजे छोटे शब्द, सततची पुनरावृत्ती, मंद स्वर आणि कामात न तुटणारे स्मरण, ही सर्व येथे आढळतात. मठात घंटेचा नाद ज्याप्रमाणे दिवसाचे प्रहर पाडतो, त्याप्रमाणे येथे कामेच दिवसाचे प्रहर पाडीत होती.

जमीन, कूळ आणि प्रार्थना

या प्रार्थनांतील शांततेवरून त्या म्हणणाऱ्यांचे जीवनही शांत होते, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. समुद्रशेवाळ जाळून क्षार तयार करण्याचा उद्योग नेपोलियनच्या युद्धांनंतर, म्हणजे १८१५ नंतर, कोसळला. १८४६ मध्ये बटाट्याचे पीक रोगाने नष्ट होऊन दुष्काळ पडला. दक्षिण युइस्ट, बेनबेक्युला व बॅरा ही बेटे १८३८ च्या सुमारास कर्नल गॉर्डन ऑफ क्लूनी या जमीनदाराच्या ताब्यात गेली होती. १८५१ मध्ये त्याच्या मालमत्तेवरील सुमारे १,७०० लोकांना जहाजांत भरून कॅनडाला धाडण्यात आले. त्यांतील अनेकांना जबरदस्तीने चढविण्यात आले होते. जमीन मेंढ्यांच्या मोठ्या कुरणांसाठी मोकळी करणे हा या निष्कासनामागील हेतू होता. कारमायकल यांना प्रार्थना सांगणाऱ्या वृद्ध पिढीने हा काळ प्रत्यक्ष पाहिला होता.

कुळांच्या असंतोषाची चौकशी करण्यासाठी १८८३ मध्ये नेपियर आयोग नेमला गेला. १८८४ च्या त्याच्या अहवालासाठी कारमायकल यांनी बाह्य हेब्रिडीजमधील चराई व शेतीविषयक रूढींवर एक टिपण लिहिले. सामायिक जमिनीची वाटणी कशी होते, उन्हाळी कुरणांवर गुरे कशी नेली जातात, याचे वर्णन करताना त्यांनी कुरणावर पोहोचल्यानंतरच्या मेजवानीचा आणि तेथे गायिल्या जाणाऱ्या स्तोत्राचाही उल्लेख केला. ‘कार्मिना गॅडेलिका’च्या सोळा वर्षे आधी ही प्रार्थना जमीनहक्काच्या सरकारी दस्तऐवजात आली, ही घटना अर्थपूर्ण आहे. गॅलिक कूळ आळशी व अडाणी आहे, असा प्रचार त्या काळी होत असे. हा समाज सुसंघटित, नीतिमान व सुसंस्कृत आहे, हे दाखविणे कारमायकल यांचे उद्दिष्ट होते. १८८६ च्या क्रॉफ्टर कायद्याने कुळांना कसण्याची शाश्वती, वाजवी खंड आणि केलेल्या सुधारणांची भरपाई हे हक्क मिळाले. गेलेल्या जमिनी मात्र या कायद्याने परत मिळाल्या नाहीत.

या पार्श्वभूमीवर, रात्री राखेखाली विस्तव जपणाऱ्या स्त्रीच्या प्रार्थनेचा अर्थ वेगळा होतो. निष्कासनात कित्येकदा घराचे छप्पर उतरविले जाई आणि चूल विझविली जाई. घरातील विस्तव जिवंत राहावा ही मागणी म्हणूनच केवळ काव्यात्म नव्हती. उद्याही आपण याच घरात असू, अशी ती आशा होती.

संपादनाचा वाद

‘कार्मिना गॅडेलिका’तील पाठ कितपत विश्वसनीय आहेत, हा प्रश्न हॅमिश रॉबर्टसन यांनी १९७६ मध्ये ‘स्कॉटिश गेलिक स्टडीज’ या नियतकालिकातून उपस्थित केला. छापील पाठ व मूळ नोंदी यांतील तफावत दाखवून कारमायकल यांनी मोठ्या प्रमाणावर फेरफार केल्याचे त्यांनी म्हटले. १९७८ मध्ये त्याच नियतकालिकात जॉन लॉर्न कॅम्बेल यांनी त्यास उत्तर दिले. कारमायकल यांच्या हस्तलिखित वह्या एडिंबरा विद्यापीठाच्या ग्रंथालयात असून, एकविसाव्या शतकात त्यांचे अंकीय रूपांतर झाल्यामुळे ही तुलना आता अधिक नेमकेपणाने करता येते. अनेक पाठभेद एकत्र जोडणे, साध्या शब्दांच्या जागी जुने भारदस्त शब्द योजणे, तुटक ओळी पूर्ण करणे असे संस्कार त्यांनी केल्याचे त्यातून स्पष्ट होते. मात्र प्रार्थना त्यांनी मुळातून रचल्या, असा निष्कर्ष निघत नाही.

ग्रंथाच्या दृश्य रूपाचाही येथे विचार करावा लागतो. लॅटिन शीर्षक, पत्नी मेरी यांनी जुन्या हस्तलिखितांच्या धर्तीवर रेखाटलेली अलंकृत आद्याक्षरे आणि भारदस्त इंग्रजी भाषांतर यांमुळे ग्रंथ हाती घेताच तो एखाद्या प्राचीन मठातून आला असावा, असा भास होतो. काही स्तोत्रे आयोना वा डेरी येथील मठांत रचली गेली असावीत, असे अनुमान खुद्द कारमायकल यांनी प्रस्तावनेत केले. तळहाताला घट्टे पडलेल्या, समकालीन माणसांचे शब्द अशा रीतीने वाचकापुढे दूरच्या भूतकाळाच्या वेषात आले.

त्याच प्रस्तावनेत एक हकिकत आहे. एका वृद्धाने कारमायकल यांना झोपण्यापूर्वीची आपली छोटी प्रार्थना सांगितली. दुसऱ्या दिवशी तो २६ मैल चालत परत आला. ती आपल्या पाहुण्याला आवडली याचा त्याला अभिमान होता, पण ती छापली जाऊन परक्या, थंड नजरांखाली जावी, हे त्याला सोसवत नव्हते. कारमायकल यांनी तो कागद जाळून टाकला. जे छापले गेले त्याच्या विश्वसनीयतेची चर्चा भरपूर झाली आहे. परंतु जे छापले गेले नाही, त्याची ही एक नोंद प्रार्थना ही त्या माणसांच्या लेखी काय वस्तू होती, हे सर्वांत स्पष्टपणे सांगते.

विसाव्या शतकातील पुनरुज्जीवन

या संग्रहाला वाचक मिळाले ते केल्टिक पुनरुज्जीवनाच्या वातावरणात. अर्नेस्ट रनाँ यांचा १८५४ मधील निबंध आणि मॅथ्यू अर्नोल्ड यांचा १८६७ मधील ग्रंथ यांनी केल्ट लोक भावनाप्रधान, निसर्गवेडे व अव्यवहारी असतात, अशी प्रतिमा रूढ केली होती. एडिंबरामध्ये या पुनरुज्जीवनाचे एक केंद्र पॅट्रिक गेडिस यांच्याभोवती होते. त्यांनी १८९५–९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द एव्हरग्रीन’ या नियतकालिकात कारमायकल यांचेही लेखन आले. हेच गेडिस पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. स्थळ, श्रम आणि लोक यांचा एकत्रित विचार करण्याची त्यांची दृष्टी हेब्रिडीजच्या प्रार्थनांना चपखल लागू पडते, हे विशेष होय.

श्रमाचा हा धागा विसाव्या शतकात प्रत्यक्ष कृतीत आणला तो जॉर्ज मॅक्लाउड (१८९५–१९९१) यांनी. ग्लासगोमधील गोव्हन या जहाजबांधणीच्या वस्तीत धर्मगुरू असताना त्यांनी महामंदीतील बेकारी पाहिली. १९३८ मध्ये त्यांनी आयोना कम्युनिटीची स्थापना केली. बेकार कारागीर आणि धर्मगुरुपदाचे उमेदवार यांनी एकत्र राहून आयोनाच्या भग्न मठाच्या इमारती पुन्हा बांधाव्यात, ही तिची मूळ योजना होती. हे काम १९६५ मध्ये पूर्ण झाले. दगड वाहणे आणि उपासना यांची येथे फारकत नव्हती.

१९८० नंतरची लाट वेगळी होती. एस्थर डी वॉल यांनी ‘कार्मिना गॅडेलिका’तून निवडलेल्या प्रार्थनांचे संकलन १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. लिंडिसफार्नचे धर्मगुरू डेव्हिड अ‍ॅडम यांनी त्याच धाटणीच्या नव्या प्रार्थना लिहिल्या. १९९२ मध्ये मूळ संग्रहाची एकखंडी आवृत्ती निघाली, ती केवळ इंग्रजी भाषांतराची. या ग्रंथांनी असंख्य वाचकांना स्वयंपाकघरात, कार्यालयात, प्रवासात प्रार्थनेची वाट दाखविली, हे मान्य केले पाहिजे. परंतु गेलिक भाषा, पीटची चूल आणि कुळाची असुरक्षितता या तिन्ही गोष्टी त्यातून गळाल्या. गेलिक भाषक बेटावर वाढलेले अभ्यासक डोनाल्ड मीक यांनी २००० मधील आपल्या ग्रंथात या प्रकारावर कडक टीका केली. इयन ब्रॅडली यांनी १९९३ मध्ये केल्टिक मार्गाचा पुरस्कार करणारा ग्रंथ लिहिला होता. १९९९ मध्ये त्यांनीच या संकल्पनेमागील मिथकनिर्मितीचा इतिहास मांडून आपली भूमिका बदलली. संशोधनाच्या प्रामाणिकपणाचे हे उदाहरण उल्लेखनीय आहे.

निष्कर्ष

१) हेब्रिडीजमधील दैनंदिन प्रार्थनेची परंपरा ही स्वतंत्र ‘केल्टिक चर्च’चा अवशेष नसून, मध्ययुगीन ख्रिस्ती भक्तीचा आणि मठातील अखंड स्मरणाच्या शिकवणीचा घरगुती विस्तार आहे.

२) १५६० नंतर धर्मगुरूंचा अभाव निर्माण झाल्याने सुईण, घरधनीण, कुटुंबप्रमुख आणि ‘अनमखारा’ यांनी धर्मविधींची व चिंतनाची जबाबदारी उचलली. स्त्रियांचे या परंपरेतील स्थान हे मुख्यतः या गरजेतून व श्रमविभागणीतून आले.

३) कारमायकल यांचे पाठ संस्कारित आहेत. त्यामुळे शब्दांच्या प्राचीनतेविषयी त्यांवरून ठाम विधान करणे धोक्याचे आहे. मात्र प्रार्थना व काम यांच्या सांगडीविषयीची त्यांची साक्ष मोलाची आहे.

४) या प्रार्थना निवांत लोकांच्या नव्हत्या. दुष्काळ, निष्कासन आणि भाषेची गळचेपी सोसणाऱ्या कुळांच्या त्या होत्या. त्यांना जमिनीच्या प्रश्नापासून तोडल्यास त्यांचा अर्थ उणा होतो.

५) चिंतनासाठी फुरसत ही पूर्वअट आहे, हा समज या उदाहरणाने खोटा ठरतो. आवश्यक होते ते हातातील कामाला पूर्ण अवधान देणे, आणि ते काम करीत राहता येईल इतकी जमीन, घर व चूल आपली असणे. पहिली गोष्ट आधुनिक वाचकांनी हेब्रिडीजकडून घेतली. दुसरीची दखल इतिहासाने अधिक गांभीर्याने घेण्याची आवश्यकता आहे.